गर्भारपण आणि हवेचं प्रदूषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेच्या प्रदूषणाबद्दल गरोदर बायकांचे, त्यांच्या नवऱ्यांचे आणि अधूनमधून आजी होऊ घातलेल्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. यातल्या निम्म्या प्रश्नांच्या तळाशी ‘माझं काही चुकलं का?’ हा न विचारलेला प्रश्न असतो. हवा कुणी एकटीने बिघडवलेली नसते, तेव्हा त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

१. प्रदूषण म्हणजे नेमकं काय काय? गरोदरपणी त्यातल्या कशाची काळजी करायची?

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण म्हणजे पीएम २.५. माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना केली तर साधारण तिसावा हिस्सा. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात. डिझेलचा धूर, कोळसा, लाकूड, कचरा, जळणारं शेत, जे काही जळतं त्यातून ते येतात.

त्याखालोखाल महत्त्वाचे म्हणजे वाहनांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, उन्हात तयार होणारा ओझोन, अर्धवट जळण्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीला चिकटून येणारी पीएएच नावाची रसायनं. शिशाचा विषय थोडा निराळा आहे, तो प्रश्न १६ मध्ये घेतलाय.

२. श्वास मी घेते, बाळ तर पाण्यात असतं. मग धूर त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा?

फार वर्षं डॉक्टरांचंही असंच म्हणणं होतं की वार (प्लासेंटा) ही चाळणी आहे, कण काही तिच्यापलीकडे जात नाहीत. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी धूम्रपान न करणाऱ्या बायकांची वार बाळंतपणानंतर तपासली, तेव्हा बाळाच्या बाजूच्या भागातही काजळीचे कण सापडले. जास्त प्रदूषित भागात राहिलेल्यांच्या वारेत ते कमी प्रदूषित भागातल्या बायकांपेक्षा सरासरी दुपटीने होते. २०२२ मध्ये याच मंडळींनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाबरोबर पुढचं पाऊल टाकलं. पहिल्या दोन तिमाहींतल्या गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही हे कण मिळाले. बाळाने अजून पहिला श्वासही घेतलेला नव्हता.

पण कण प्रत्यक्ष पोहोचणं ही गोष्टीची एकच बाजू. कण आईच्या फुप्फुसातच राहिले तरी शरीर त्यांच्याविरुद्ध लढायला उठतं, सौम्य दाह सुरू होतो आणि त्याची रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. वारेतल्या रक्तवाहिन्यांची वाढ आणि रक्तपुरवठा त्यामुळे बिघडू शकतो. रक्तपुरवठा घटला की बाळाला प्राणवायू आणि पोषण दोन्ही कमी पडतं. कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट आणखी सरळ आहे: तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि जिथे तो बसला तिथे प्राणवायूला जागा उरत नाही.

शिवाय गर्भारपणात बाईचा श्वासच मोठा होतो. दर मिनिटाला आत जाणारी हवा नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच वेळेत, पोटुशी बाई शेजारच्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेत असते.

३. बाळावर नेमका काय परिणाम होतो?

सगळ्यात भक्कम पुरावा दोन गोष्टींचा आहे: कमी वजन आणि मुदतीआधी जन्म. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी आलेलं बाळ मुदतपूर्व मानतात. या दोन्ही गोष्टींचा पुढे बराच पसारा होतो. मुदतपूर्व बाळाची फुप्फुसं कच्ची असतात, अंगात ऊब टिकत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो, अंगावर ओढायची ताकद कमी पडते. स्टेट ऑफ ग्लोबल एअर या २०२० च्या अहवालाने २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे ४,७६,००० नवजात मृत्यू प्रदूषणाच्या खात्यावर मांडले. पहिल्या महिन्यातच गेलेली बाळं ही. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू घरातल्या चुलीच्या धुराशी जोडलेले होते, आणि मार्ग मुख्यतः कमी वजनाचा आणि मुदतपूर्व जन्माचाच होता.

मृत जन्म आणि आईचा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांच्याशीही संबंध दिसलाय, पण तिथला पुरावा इतका एकमुखी नाही. फुप्फुसांबद्दल प्रश्न ७ आणि मेंदूबद्दल प्रश्न ८ पाहा.

४. आम्ही राहतो तिथली हवा फार वाईट आहे. म्हणजे माझ्या बाळाला काहीतरी होणारच का?

नाही. हे जरा सविस्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण बातम्यांचे मथळे नेमके इथेच घाबरवतात.

२०१३ मध्ये नऊ देशांतल्या चौदा ठिकाणचा, मिळून सुमारे तीस लाख जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतले पीएम १० (दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण) दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी नऊ ग्रॅमने घटलेलं दिसलं. नऊ ग्रॅम! तीन किलोच्या बाळात ते काट्यावरही धड कळायचे नाहीत.

मग एवढा गाजावाजा कशाला? कारण सरासरी सरकली की टोकं सरकतात. लाखो बाळांचं वजन थोडं थोडं घटलं की अडीच किलोच्या रेषेच्या अगदी वर असलेली बरीच बाळं रेषेखाली जातात. दुसरं म्हणजे, सगळ्या बायकांवर परिणाम सारखा होत नाही. रक्त कमी असलेली, कमी वजनाची, रक्तदाबाचा त्रास असलेली, जुळी असलेली बाई आधीच काठावर असते, तिला तोच धक्का मोठा बसतो. एका घराच्या दृष्टीने धोका लहान आणि शहराच्या दृष्टीने प्रचंड, अशी ही विचित्र गोष्ट आहे. वाईट हवेत राहणाऱ्या बहुतेक बायकांना पूर्ण दिवसांचं, ठणठणीत बाळ होतं. तुम्हालाही होण्याचीच शक्यता जास्त आहे.

५. प्रदूषित भागात गरीब लोक राहतात, त्यांना खायला कमी मिळतं. बाळ लहान होण्याचं खरं कारण तेच नसेल कशावरून?

उत्तम प्रश्न, आणि संशोधकांना सगळ्यात जास्त छळलेला. बायकांना मुद्दाम धुरात ठेवून प्रयोग करता येत नाही. तेव्हा ते अशा प्रसंगांची वाट पाहतात जिथे माणसं तीच राहतात आणि हवा मात्र अचानक बदलते.

बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी कारखाने थांबवले, गाड्यांवर बंधनं घातली. ज्या बाळांचा पोटातला आठवा महिना त्या स्वच्छ दिवसांत आला, ती २००७ आणि २००९ मधल्या त्याच तारखांच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जड होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीत टोलनाक्यांवर न थांबता पैसे कापून घेणारी यंत्रणा आली आणि नाक्यावर ताटकळणाऱ्या गाड्यांचा धूर घटला. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत मुदतपूर्व आणि कमी वजनाचे जन्म, जरा लांब राहणाऱ्यांच्या तुलनेत, अनुक्रमे सुमारे ११ आणि १२ टक्क्यांनी कमी झाले. त्या नाक्याशेजारच्या बायकांच्या ताटात किंवा पगारात त्या यंत्रणेने काहीच फरक पडला नव्हता.

कॅलिफोर्नियात २००१ ते २०११ या काळात कोळसा आणि तेलावर चालणारी आठ वीजकेंद्रं बंद झाली. जवळच्या पाच किलोमीटरमध्ये मुदतपूर्व जन्मांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ वर आलं. गरिबी आणि कुपोषण खरंच आहे, आणि प्रदूषण त्याच्या जोडीला येऊन बसतं. पण सगळं बिल गरिबीच्या नावावर फाडून मोकळं होता येत नाही.

६. कोणता महिना सगळ्यात नाजूक?

प्रामाणिक उत्तर: परिणामागणिक वेगळा. बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, म्हणून वजनाचा संबंध शेवटच्या टप्प्याशी दिसतो (प्रश्न ५ मधला बीजिंगचा आठवा महिना आठवा). वार रुजते आणि तिच्या रक्तवाहिन्या आकार घेतात त्या पहिल्या काही आठवड्यांत. त्यावेळी बिघडलं तर त्याचे परिणाम पुढे रेंगाळतात. फुप्फुसांच्या फांद्या सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटून होतात. मेंदू तर पूर्ण नऊ महिने आणि त्यानंतरही वाढतच असतो. ‘अमुक महिना जपा, बाकी चालेल’ असं सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

७. बाळाला पुढे दमा होईल का?

शक्यता थोडी वाढते, ठरलेलं काहीच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात पाच आठवड्यांच्या धडधाकट बाळांचा श्वास झोपेत मोजला होता. ज्यांच्या आया गरोदरपणी जास्त पीएम १० मध्ये राहिल्या होत्या, ती बाळं मिनिटाला जास्त हवा ओढत होती, म्हणजे तेवढ्याच प्राणवायूसाठी त्यांना जास्त कष्ट पडत होते. ती आजारी नव्हती. पण फुप्फुसाची सुरुवात किंचित मागून झाली की पहिल्या एक-दोन वर्षांत साध्या सर्दीतही घरघर लवकर लागते. दम्याच्या बाबतीत घराण्यातली ॲलर्जी, घरातली सिगारेट आणि जन्मानंतरची हवा यांचा वाटाही मोठा असतो, आणि यातल्या दोन गोष्टी अजून तुमच्या हातात आहेत.

८. बुद्धीवर परिणाम होतो असं वाचलं. खरं का? आणि ऑटिझम?

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणारं यंत्र असलेल्या छोट्या पिशव्या दिल्या. शेवटच्या तिमाहीत, ४८ तास. यंत्रात जास्त पीएएच सापडलेल्या आयांची मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी चार गुणांनी कमी भरला. याच गटाने चीनमधल्या टोंगलियांग इथे कोळशाचं वीजकेंद्र २००४ मध्ये बंद होण्याआधीची आणि नंतरची मुलं तपासली. आधीच्या मुलांत नाळेच्या रक्तातली पीएएचची खूण आणि मागे पडलेला विकास यांचा संबंध दिसत होता, नंतरच्या मुलांत तो दिसेनासा झाला.

माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा अभ्यास मंगोलियातला, कारण तो चिठ्ठ्या टाकून केलेला खरा प्रयोग होता. उलानबातर शहरात हिवाळ्यात घरोघरी कोळसा जळतो. तिथे ५४० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना घरासाठी हेपा गाळणीची (अगदी बारीक कण अडवणारी) हवा शुद्ध करणारी यंत्रं दिली, निम्म्यांना दिली नाहीत. घरातले बारीक कण साधारण २९ टक्क्यांनीच घटले, फार नव्हे. मुलं चार वर्षांची झाल्यावर पहिल्या गटाचा बुद्ध्यांक सरासरी २.८ गुणांनी जास्त होता.

दोन-चार गुण एका मुलात ओळखू येत नाहीत. चाचणीच्या दिवशी झोप नीट झाली नाही तरी तेवढे इकडचे तिकडे होतात. घरातलं बोलणं, गोष्टी, खेळ, पोटभर खाणं यांचं वजन त्याहून मोठं असतं.

ऑटिझमबद्दल: काही अभ्यासांत संबंध दिसलाय, काहींत नाही. आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा आहे. ‘प्रदूषणाने ऑटिझम होतो’ असं वाक्य कुणी ठामपणे म्हणत असेल तर ते पुराव्याच्या पुढे धावतंय.

९. मी बाहेर फारशी जातच नाही. मग मी सुरक्षित ना?

बाहेरचे बारीक कण खिडकी-दाराच्या फटींतून आत येतातच. त्यात घरची भर पडते: तळण, फोडणी, करपलेलं, रॉकेल, कोळसा. डासांची कॉइल हा प्रकार लोक विसरतात. २००३ मधल्या एका मोजणीत एक कॉइल जळून निघणारे बारीक कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत, रात्रभर, उशाशी. मच्छरदाणी लावा, डासही टळतात आणि धूरही. डास चावू देणं हा इथे पर्याय नाही, मलेरिया आणि डेंगी गरोदरपणात फार महागात पडतात.

उदबत्ती, मेणबत्ती, सुगंधी धूप यांचंही गणित तेच. ज्यातून धूर निघतो त्यातून कण निघतात, वास चांगला असो की वाईट.

१०. चुलीवरून गॅसवर आलो की प्रश्न सुटला?

सुटत नाही, हलका होतो. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि दीड वर्षं पुरेल इतका गॅस फुकट दिला. त्यांच्या श्वासातले बारीक कण दर घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले. सगळ्यांना वाटलं, आता वजन वाढणार. २०२२ मध्ये निकाल आला: गॅसवाल्या गटातली बाळं सरासरी २,९२१ ग्रॅम, चुलीवाल्या गटातली २,८९८. म्हणावा असा फरक नाही.

हा निकाल मुद्दाम सांगतोय, कारण तो बऱ्याचदा झाकला जातो. त्याची कारणं अनेक असू शकतात. गॅस मिळाला तेव्हा या बायका सरासरी चौथ्या महिन्याच्या आसपास होत्या, वार तोवर रुजलेली होती. २४ मायक्रोग्रॅम ही पातळीही सुरक्षित म्हणण्याच्या बरीच वर आहे (प्रश्न १४). आणि वजन हे एकच माप आहे. तरी चूल सोडावीच: आईचे डोळे, आईची फुप्फुसं, पोरांना भाजण्याची भीती, ही कारणंही कमी नाहीत. फक्त ‘गॅस आणला, बाळ गुटगुटीत होणार’ असं वचन कुणी देऊ नये. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तेव्हा स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडी किंवा पंखा बाहेरच्या दिशेने चालू ठेवायचाच.

चूल बदलणं शक्यच नसेल तर? कोरडं लाकूड वापरा, ओल्याचा धूर कित्येक पट. चूल उंबऱ्याबाहेर किंवा मोकळ्या बाजूला हलवा. फुंकणीवर तोंड धरून बसायचं काम त्या नऊ महिन्यांत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, आणि तो ‘कुणीतरी’ पुरुष असायला काहीच हरकत नाही.

११. मास्क लावू का? बाळाला प्राणवायू कमी पडेल अशी भीती वाटते.

एन ९५ किंवा त्याच्या तोडीचा मास्क बारीक कण किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. कापडी आणि साध्या सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा आत येते, त्यांचा या कामाला फारसा उपयोग नाही. ओढणी किंवा रुमाल म्हणजे मनाचं समाधान. वायू कुठलाच साधा मास्क अडवत नाही.

प्राणवायूबद्दल: निरोगी गरोदर बाईने तासभर मास्क लावल्याने बाळाला तो कमी पडत नाही. पण शेवटच्या महिन्यांत तसाही दम लागतो, त्यावर मास्कचा त्रास जास्त जाणवतो. गर्दीच्या रस्त्यापुरता, प्रवासापुरता लावा. गरगरलं, धाप लागली तर बाजूला होऊन काढा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१२. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणं परवडत असेल तर घ्यावं का?

परवडत असेल तर हो. खरी हेपा गाळणी असावी, खोलीच्या आकाराला पुरेसं असावं, आणि ते झोपायच्या खोलीत ठेवावं, कारण दिवसाचा सगळ्यात मोठा सलग वेळ तिथेच जातो. गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते, नाहीतर तो नुसता महागडा पंखा. ‘आयन सोडणारं’ किंवा ‘ओझोनने हवा ताजी करणारं’ यंत्र घेऊ नका. ओझोन स्वतःच फुप्फुसाला झोंबतो. सगळ्या घरासाठी चार यंत्रं घेण्यापेक्षा एक नीट वापरलेलं बरं.

१३. घरात हवा शुद्ध करणारी झाडं ठेवली तर?

झाडं ठेवा, छान दिसतात. ही समजूत १९८९ मधल्या नासाच्या एका प्रयोगातून पसरली, आणि तो प्रयोग छोट्या हवाबंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांची फेरमोजणी झाली तेव्हा निघालं की नुसत्या हवा खेळती राहण्याने जेवढा फायदा होतो तेवढा मिळवायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील.

१४. आकडा किती असला की बाहेर पडू नये?

हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, प्रत्येक देशाचा आपापल्या हिशोबाने काढलेला असतो. एकीकडचा ‘समाधानकारक’ दुसरीकडे ‘खराब’ निघतो. म्हणून शक्य असेल तेव्हा पीएम २.५ चा मूळ आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा खाली आणली: दर घनमीटरला वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम, दिवसाची १५. जगातली जवळजवळ सगळी माणसं यापेक्षा वाईट हवेत राहतात, त्यामुळे १५ ओलांडले म्हणून घराला कडी लावून बसण्यात अर्थ नाही. या आकड्याच्या खाली सगळं सुरक्षित आणि वर सगळं विषारी, असंही नाही.

व्यवहारात बघायचं ते हे की आजचा आकडा तुमच्या गावच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किती वर गेलाय. वणवा, धुळीचं वादळ, धुकं आणि धूर एकत्र साठलेली हिवाळी सकाळ, अशा दिवसांत खिडक्या बंद, लादी ओल्या फडक्याने पुसायची आणि बाहेरचं काम पुढे ढकलायचं. इतर दिवशी खिडक्या उघडा.

१५. मग रोजचं चालणं बंद करू?

नको. चालण्याचा फायदा, म्हणजे आटोक्यातली साखर, रक्तदाब, झोप, मन, हा बहुतेक ठिकाणी प्रदूषणाच्या तोट्यापेक्षा मोठा आहे. रस्ता बदला. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं की झपाट्याने विरळ होतो. म्हणून मुख्य रस्त्याऐवजी एक गल्ली आतून चाला. हिवाळ्यात अगदी पहाटे धूर जमिनीलगत साठून राहतो, ऊन वर आल्यावर निघालेलं बरं. उन्हाळ्याच्या दुपारी उलट, तेव्हा ओझोन चढलेला असतो. प्रश्न १४ मधल्यासारखा दिवस असेल तर घरातच फेऱ्या मारा.

१६. बाळ यायच्या आधी घर रंगवून घ्यायचं चाललंय. चालेल?

नव्या रंगाच्या वासापेक्षा जुना रंग खरवडणं जास्त धोक्याचं. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं, आणि घासताना त्याची पूड हवेत उडते. शिसं वारेतून सहज बाळाकडे जातं आणि मेंदूला बाधतं, आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीही पातळी सापडलेली नाही. पेट्रोलमधलं शिसं जगातून २०२१ मध्ये पूर्ण हद्दपार झालं, भिंतीवरचं जुनं अजून आहे तिथेच आहे. खरवडायचं असेल तर ते दिवस तुम्ही दुसरीकडे राहा, आणि परत यायच्या आधी घर कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा.

१७. नवरा सिगारेट बाल्कनीत ओढतो. तेवढं चालतं ना?

चालत नाही. धूर दारातून आत येतो, आणि जो येत नाही तो कपड्यांवर, केसांवर, हातांवर बसून येतो. या सगळ्या यादीत एका माणसाच्या निर्णयाने पूर्ण थांबू शकणारी हीच एक गोष्ट आहे. शहराची हवा बदलायला वर्षं जातात, ही आज संध्याकाळी बदलते.

१८. मला दमा आहे. पंप बाळाला बाधेल म्हणून बंद केला, बरोबर ना?

नाही, आणि हे आजच डॉक्टरांशी बोला. दम्याच्या नेहमीच्या पंपातलं औषध मुख्यतः फुप्फुसातच राहतं, बाळापर्यंत फार थोडं पोहोचतं. उलट, आवरता न आलेला दम्याचा झटका म्हणजे आईला प्राणवायू कमी आणि बाळाला त्याहून कमी. प्रदूषण वाढलेल्या दिवसांत झटक्याची शक्यताही वाढते. पंप चालू ठेवायचा, बाहेर जाताना सोबत न्यायचा.

१९. बाळावर परिणाम झालाय का हे दाखवणारी एखादी तपासणी?

नाही. नेहमीची सोनोग्राफी, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन वेळच्या वेळी तपासणं हेच. बाळाची वाढ मागे पडत असेल, कारण कुठलंही असो, ती तिथेच कळते.

२०. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रदूषणाचा परिणाम मारता येतो का?

एक रंजक धागा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत सिगारेट सोडू न शकलेल्या गरोदर बायकांना क जीवनसत्त्व दिलं, तर त्यांच्या बाळांची फुप्फुसं न दिलेल्यांपेक्षा चांगली चालली. पण तो अभ्यास सिगारेटचा होता, शहराच्या हवेचा नव्हे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. यावरून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत. लोह आणि फॉलिक ॲसिड मात्र सांगितलेलं सगळं घ्या. रक्त भरलेलं असलं की वारेला सोसायला बळ राहतं.

२१. बाळ झाल्यावर काय? धोका संपला?

नाही, आता ते स्वतः श्वास घेतंय. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. फुप्फुसातले बहुतेक वायुकोश जन्मानंतरच तयार होतात. ही वाईट बातमी वाटते, पण हीच आशेची जागाही आहे: दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून हवा जसजशी सुधारत गेली, तसतशी तिथल्या शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारत गेली.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. ‘माझ्या दुधातून विष जाईल’ या भीतीने ते तोडणाऱ्या आया भेटतात. दूध बाळाला श्वसनाच्या संसर्गांपासून वाचवतं, आणि प्रदूषणात नेमकी त्याचीच गरज असते. चुलीपाशी बाळाला पाठीशी बांधून किंवा मांडीवर घेऊन बसू नका. घरातल्या धुराबद्दल प्रश्न ९ आणि १० मधलं सगळं इथेही लागू.

२२. हे सगळं वाचलं तेव्हा मला आठवा महिना लागला होता. आता काही करून उपयोग आहे का?

आहे. बीजिंगच्या त्या स्वच्छ दिवसांचा (प्रश्न ५) फायदा ज्या बाळांना झाला त्यांचाही आठवाच महिना चालू होता, आणि त्यांच्या आयांनी स्वतः काहीही केलं नव्हतं. सिगारेट, कॉइल, बंद स्वयंपाकघर यातलं जे असेल ते आज बंद करा, उरलेलं जमेल तसं. आणि मागच्या सात महिन्यांचा हिशोब मांडत रात्री जागू नका, त्यापेक्षा झोप घ्या.